उद्याच्या तासाचं टाचण: वर्गावर नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

नोकरीला लागले त्या वर्षी पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभी राहिले. टाचण लिहिलेलं होतं, त्यावर मुख्याध्यापकांची सही होती. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. तासिका ३५ मिनिटांची आणि माझं सांगून झालं बाराव्या मिनिटाला. "कळलं का?" म्हटल्यावर "होऽऽ" असा दणदणीत होकार आला. उरलेल्या २३ मिनिटांचं काय करायचं ते टाचणात कुठंच नव्हतं. म्हणून फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिलं आणि मोठा कोणता ते विचारलं. जवळजवळ सगळा वर्ग १/४ म्हणाला. का, विचारलं तर पुढच्या ओळीतली एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, तीनापेक्षा चार मोठेच ना." मला काही सुचेना. मग जे होतं तेच झालं. आवाज चढला, तेच वाक्य तीनदा सांगून झालं आणि घंटा झाली.

घरी येताना वाटलं, आपल्याला वर्ग पेलत नाही, आपला स्वभावच बुजरा. इतकी वर्षं शिकवल्यावर आज वाटतं की स्वभावाचा त्यात फारसा संबंध नव्हता. त्या मुलीचं उत्तर मी आदल्या रात्री कल्पून ठेवलं असतं, तर आवाज चढला नसता, एवढंच.

हे लिहितेय ते डी.एल.एड. किंवा बी.एड. होऊन नुकतेच शाळेत रुजू झालेल्यांसाठी, शिक्षण सेवकाची पहिली तीन वर्षं काढणाऱ्यांसाठी, आणि विनाअनुदानित शाळेत एका दिवसात सहा-सहा तास घेणाऱ्यांसाठीही. उदाहरण शेवटपर्यंत तेच ठेवते, पाचवीचा अपूर्णांकाचा तास. एकच तास नीट उलगडून पाहिला की बाकीचे तुमचे तुम्हाला जमतील.

आधी दोन वह्या वेगळ्या करा

आपल्याकडे नियोजनाची उतरंड ठरलेली आहे. वार्षिक नियोजन, त्याखाली घटक नियोजन, त्याखाली रोजचं पाठ टाचण. वार्षिक नियोजन जूनमध्ये एकदा होतं. घटक नियोजनात एखाद्या घटकाला किती तासिका लागतील ते ठरतं. टाचण मात्र रोजचं, आणि कंटाळाही त्याचाच जास्त. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले की पहिल्यांदा तेच मागतात. त्यामुळे हळूहळू ते त्यांच्यासाठीच लिहिलं जातं. मार्गदर्शिकेतून उतरवलेली वाक्यं, गेल्या वर्षीच्या तारखा बदलून केलेली नक्कल. हे मीही केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

माझा सल्ला असा: कार्यालयाची वही कार्यालयाच्या नमुन्यात लिहा, तिथे वाद घालू नका. पण वर्गात हातात धरायला दुसरा, पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा. त्यावर फक्त ते लिहा जे उभ्या उभ्या एका नजरेत दिसायला हवं. खरं टाचण ते. काही महिन्यांनी या कागदावरचाच मजकूर मोठ्या वहीत जायला लागतो आणि दोन वह्यांचं काम एक होतं, पण ते आपोआप होऊ द्या.

तयारीला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, ते अध्यापन आणि तयारी दोन्ही मिळून. म्हणजे तयारी हा कायद्यानंही नोकरीचाच भाग आहे. प्रत्यक्षात ते तास माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत आणि व्हॉट्सॲपवरच्या "तातडीने" पाठवायच्या तक्त्यांत जातात, हे मला माहीत आहे. म्हणूनच रोजच्या सगळ्या तासांची अशी तयारी करा असं म्हणत नाही. दिवसाला एक तास निवडा. आठवड्याला पाच-सहा होतात, वर्षाअखेरीस मोठा गठ्ठा जमतो, आणि तो पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

पहिली पायरी: एक वाक्य, आणि त्यात मुलांनी काहीतरी करायला हवं

"विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख होईल." हे वाक्य खोडा. ओळख झाली की नाही ते तुम्ही कशावरून ठरवणार? "आकलन होईल", "गोडी निर्माण होईल" हीदेखील त्याच कुळातली वाक्यं. त्याऐवजी असं लिहून बघा: "अंश १ असलेले दोन अपूर्णांक दिले, तर त्यातला मोठा कोणता ते मूल ओळखेल आणि चित्र काढून कारण सांगेल."

या वाक्यानं दोन कामं होतात. तास कुठं संपवायचा ते कळतं. आणि आज काय शिकवायचं नाही तेही कळतं. समच्छेद नाही, २/३ आणि ३/४ यांची तुलना नाही, बेरीज तर नाहीच. नवा शिक्षक सहसा कमी शिकवल्यानं फसत नाही. धडा संपवायच्या घाईत तो एका तासात तीन तासांचं कोंबतो. अध्ययन निष्पत्तींच्या, म्हणजे वर्षाअखेरीस मुलाला काय यायला हवं त्याच्या, यादीत एक ओळ असते, पण त्या एका ओळीत चार-पाच तासांचं काम दडलेलं असू शकतं. ते तुकडे तुम्हीच पाडायचे.

दुसरी पायरी: शेवटचा प्रश्न आधी लिहा

तास संपताना मुलांना कोणता प्रश्न द्याल? तो आत्ताच, सगळ्यात आधी लिहा. माझ्या कागदावर तो असा असतो: "१/६ आणि १/९ यांत मोठा कोणता? का? चित्र काढ."

"का" हवाच. कारण मुलं फार चटकन एक सूत्र पकडतात: "छेद मोठा तो अपूर्णांक लहान." या तासापुरतं ते बरोबर येतं आणि सगळ्या वह्यांवर बरोबरच्या खुणा होतात. पुढच्या आठवड्यात ३/४ आणि २/३ आले की तेच सूत्र लावून मुलं ३/४ ला लहान म्हणतात. वर्गात नियम कुणी सांगितला तर त्याला नाही म्हणू नका, पण लगेच विचारा, "असं का होतं?" भाकरीचे वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, हे मुलाच्या तोंडून आलं की समजायचं, गाडी रुळावर आहे.

तिसरी पायरी: मुलाच्या घरातून सुरुवात

बी.एड.ला पाठ कसा घ्यायचा याच्या, जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पायऱ्या पाठ केल्या असतील. त्यातली पहिली, पूर्वतयारीची, प्रत्यक्षात फार यांत्रिक होऊन बसते. "आज आपण अपूर्णांक शिकणार आहोत" असं सांगून हेतुकथन झालं म्हणायचं आणि पुढं जायचं.

मराठी मुलाला अपूर्णांक शाळेत येण्याआधीच येत असतात, फक्त त्यांना कुणी अपूर्णांक म्हणत नाही. चतकोर भाकरी, पाव किलो साखर, अर्धा कप चहा, पाऊण तास, सव्वा रुपया, दीड वाजला, अडीच किलो कांदे. आपल्या आजोबांच्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ केले होते. इतकी शब्दसंपत्ती घरात असताना आपण फळ्यावर परिभाषा लिहून सुरुवात का करतो, हे मला कधी कळलं नाही.

तर पहिला प्रश्न: "चतकोर भाकरी म्हणजे केवढी? हातानं दाखवा." मग, "एक भाकरी चौघांत वाटली तर प्रत्येकाला काय मिळेल? तेवढीच भाकरी तिघांत वाटली तर?" आणि मग थांबा. तिघांतल्या वाटणीला चतकोरसारखं सुटसुटीत नाव त्यांच्या बोलीत नसेल, तर नावाची गरज मुलांनाच जाणवते आणि १/३ लिहिण्याला अर्थ येतो.

एक सावधगिरी. तुमच्या भागात भाकरीला, मापाला, वाटणीला मुलं काय म्हणतात ते आधी विचारून घ्या. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, मेळघाटच्या कोरकू पाड्यावर शब्द वेगळे आहेत. मुलानं त्याच्या बोलीत सांगितलं तर तोच शब्द फळ्यावर लिहा आणि शेजारी पुस्तकातला. त्याचा शब्द दुरुस्त करू नका.

चौथी पायरी: चुकांची यादी

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढाच भाग वाचा. टाचणात सहसा नसतो तो भाग हाच, आणि वर्गावर हात-पाय गार पडतात तेही इथेच.

कागदाच्या मागच्या बाजूला, मुलं कुठे चुकतील ते लिहा. प्रत्येक चुकीपुढे तुमचा पुढचा प्रश्न लिहा. उत्तर नव्हे, प्रश्न. माझी यादी साधारण अशी झाली आहे, आणि ती एका वर्षात झालेली नाही.

"तीनापेक्षा चार मोठे, म्हणून १/४ मोठा." यावर माझा प्रश्न: "तुला भूक लागलीय. भाकरी तिघांत वाटू की चौघांत?" मूल हसतं आणि स्वतःच उत्तर बदलतं. पण तेवढ्यावर सोडू नका. "मग या चारचा अर्थ काय?" असं विचारून छेदापर्यंत परत आणा. नाहीतर भूक लक्षात राहते आणि छेद विसरला जातो.

"चार भाग केले की झाले चौथे भाग," मग ते भाग समान असोत की नसोत. यासाठी मी फळ्यावर मुद्दाम वेडेवाकडे चार तुकडे पाडते आणि सगळ्यात लहान तुकडा त्या मुलाला देऊ करते. तो कधीच घेत नाही.

तिसरी चूक हुशार मुलं करतात, किंबहुना ती चूकच नव्हे. "बाई, मोठ्या भाकरीची चतकोर ही लहान भाकरीच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठी असू शकते." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी "फाटे फोडू नकोस" म्हणाले होते. ते मूल बरोबर होतं. तुलना करायची तर पूर्ण एकसारखा हवा, ही अट पुस्तकात गृहीत धरलेली असते आणि त्या मुलानं ती शोधून काढली होती. आता मी या वाक्याची वाटच बघते. कुणीच म्हणालं नाही तर मीच दोन वेगवेगळ्या आकारांच्या भाकऱ्या फळ्यावर काढते.

अशी यादी प्रत्येक विषयात करता येते. दुसरीला संख्या शिकवताना "सत्तावीस" ऐकून मूल ७२ लिहितं, कारण मराठीत सात आधी बोलला जातो आणि वीस नंतर. त्यात पुन्हा एकोणतीस, एकोणसाठ ही मंडळी आहेतच. त्यांच्या नावात पुढचा दशक ऐकू येतो आणि लिहायचा असतो मागचा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं "वीस सात" अशा वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या पद्धतीबद्दल तुमचं मत काहीही असो, अडचण खरी आहे. ती आदल्या दिवशी माहीत असलेला शिक्षक ७२ बघून चिडत नाही.

ही यादी मिळवायची कुठून? सगळ्यात चांगली खाण म्हणजे गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका. दुसरी, शेजारच्या वर्गावरच्या जुन्या बाई किंवा गुरुजी. "या धड्यात मुलं कुठं अडकतात?" एवढा एकच प्रश्न त्यांना विचारा. "कसं शिकवू?" असं विचारलं तर भाषण मिळतं.

पाचवी पायरी: साहित्य, आणि फळा

साहित्य म्हणजे चार्ट, फ्लॅशकार्ड, टॅबलेट असं आपल्या डोक्यात बसलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात बालशिक्षणाचं काम उभं केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आणली. गरिबीची तडजोड म्हणून त्याकडे बघू नका. मुलाच्या हाताला जे ओळखीचं, त्यातून तो लवकर शिकतो.

अपूर्णांकाला आपण सवयीनं वर्तुळ काढतो. सुरुवातीला भाकरी म्हणून ते ठीक आहे. पण फळ्यावर वर्तुळाचे तीन समान भाग पाडून बघा. चार आणि आठ जमतात, तीन, पाच आणि सहा यांत हात चुकतो, आणि तुमच्या चित्रातच १/३ कधी १/४ एवढा दिसायला लागतो. त्यापेक्षा पट्ट्या घ्या. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या, बरोबर १२ सेंटिमीटर लांबीच्या. बाराचे दोन भाग ६ चे, तीन भाग ४ चे, चार भाग ३ चे, सहा भाग २ चे. पट्टीनं मोजता येतात, एकाखाली एक ठेवता येतात, आणि वाद झाला तर मूल स्वतःच मोजून मिटवतं. प्रत्येक मुलाला चार पट्ट्या. आदल्या संध्याकाळी कापायला अर्धा तास लागतो. मोठ्या वर्गातल्या मुलांना मधल्या सुट्टीत दिलं तर तोही वाचतो.

फळ्याचंही नियोजन करा. मी कागदावर छोटा चौकोन काढून त्याचे तीन भाग करते. डावीकडे आजची तारीख आणि ते एक वाक्य, मुलांच्या भाषेत. मध्ये पट्ट्यांची चित्रं, एकाखाली एक, आणि ती तास संपेपर्यंत पुसायची नाहीत. उजवीकडे कच्चं काम, हवं तेव्हा पुसा. नवीन शिक्षक भरभर लिहितो, भरभर पुसतो, आणि विसाव्या मिनिटाला मुलांना मागचं बघायचं असतं तेव्हा फळा कोरा असतो. लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, थोडं तिरकं उभं राहायची सवय लावा. त्याला आठवडाभर लागतो.

सहावी पायरी: मिनिटांचा हिशेब

तासिका ३५ मिनिटांची असली तरी हातात येतात २८-३० मिनिटं. आधीचा तास लांबतो, वह्या निघायला वेळ लागतो, कुणीतरी पाण्याला जातं. माझी वाटणी अशी: चतकोरचे प्रश्न ५ मिनिटं, पट्ट्या मोजून कापणं आणि रंगवणं १०, फळ्यावर मांडणी आणि चर्चा ८, शेवटचा प्रश्न वहीत ५. बोलण्याची माझी पाळी एकूण दहा मिनिटांच्या वर जाऊ नये असं बघते. दरवेळी जमत नाही.

जोडीला दोन ओळी हव्यातच. वेळ उरला तर काय, आणि वेळ कमी पडला तर काय गाळायचं. उरला तर: "१/३ आणि १/४ यांच्या मध्ये बसेल असा अपूर्णांक आहे का? पट्टीवर शोधा." कमी पडला तर: रंगवणं गाळायचं, शेवटचा प्रश्न कधीच नाही. माझ्या पहिल्या तासातली ती २३ मिनिटं या एका ओळीनं वाचली असती.

द्विशिक्षकी शाळेत हा हिशेब वेगळा होतो. साठपर्यंत पट असेल तर नियमानं दोनच शिक्षक, म्हणजे एकेकाकडे दोन-तीन इयत्ता. तिथं एका वर्गाचं टाचण वेगळं लिहून उपयोग नाही. एकाच कागदावर शेजारी शेजारी रकाने पाडा, आणि एका वेळी एकाच रकान्यात "बाई शिकवतात" असेल याची खात्री करा. बाकीच्या रकान्यांत असं काम हवं की ज्यात दहा मिनिटं कुणी "बाई, पुढं काय?" विचारायला येणार नाही. पाचवी पट्ट्या कापते तेव्हा चौथीला शिकवा, चौथी उदाहरणं सोडवते तेव्हा पाचवीची चर्चा घ्या.

आता वर्गावर उभं राहताना

टाचण झालं. पण ते हातात असून पाय लटपटतात, याचं काय?

सूचना कशी देता तिथून सुरुवात करा. "सगळ्यांनी पट्ट्या घ्या, आणि हां, पेन्सिल पण लागेल, आधी पट्टीचे तीन भाग करायचे, म्हणजे चार सेंटिमीटरचे, थांबा थांबा, अजून कापू नका." असं बोलणं म्हणजे मनातलं टाचण चालता चालता लिहिणं. मुलांना ते लगेच कळतं. सूचना आदल्या दिवशी शब्दशः लिहून ठेवा, निदान पहिली दोन वर्षं. साहित्य वाटण्याआधी सूचना द्या. एकदा पट्टी हातात आली की कान बंद होतात. एका वेळी एकच काम सांगा, किती वेळ आहे ते सांगा, आणि मग एखाद्या मुलाला विचारा, "काय करायचंय, सांग बरं सगळ्यांना." त्यानं चुकीचं सांगितलं तर सूचना तुमची चुकली आहे.

"कळलं का?" हा प्रश्न शब्दकोशातून काढून टाका. त्याला "हो" शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी "पाटीवर १/५ चं चित्र काढून वर धरा." एका नजरेत सगळा वर्ग दिसतो. पाट्या नसतील तर वहीचं मागचं पान चालतं.

प्रश्न आधी विचारा, नाव नंतर घ्या. नाव आधी घेतलं की उरलेले सगळे सुटतात. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण सेकंदभरच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांब होतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गावर मात्र युगासारखे वाटतात. मी मनात "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल" मोजते. हसू नका, उपयोग होतो.

गोंगाट झाला की त्यावर आवाज चढवू नका. चढवला की वर्गही चढवतो, आणि त्या शर्यतीत तुमचा घसा हरतो. बोलणं मध्येच थांबवा, वाक्य अर्धं सोडा, जागा बदला. प्रशिक्षणात याला चेतक बदल म्हणतात. गावातल्या कीर्तनकाराला ते न शिकता येतं. सर्वात मागच्या बाकाशेजारून दोन मिनिटं शिकवून बघा, वर्गाचा नकाशाच बदलतो.

आणि माहीत नसेल तर? मुलगा विचारतो, "बाई, छेदात शून्य आलं तर?" उत्तर येत असेल तर एका वाक्यात द्या: शून्य भाग करता येत नाहीत. नसेल तर "मला बघावं लागेल, उद्या सांगते" म्हणा, त्याच्यासमोर कागदावर लिहा, आणि दुसऱ्या दिवशी न विसरता सांगा. विसरलात तर मात्र पत जाते. फळ्यावर तुमचीच चूक झाली आणि मुलानं दाखवली तर "बरोबर आहे तुझं" म्हणून पुसा आणि पुढं चला. सारवासारव करण्यात जातात ती दोन मिनिटं मुलांना वर्षभर लक्षात राहतात.

सरावासाठी एक जुनी गोष्ट पुन्हा काढा. अध्यापक विद्यालयात सूक्ष्म अध्यापन केलं असेल: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला ते बघणाऱ्यांनी सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा ६ मिनिटं पाठ आणि ६ मिनिटं प्रत्याभरण. मित्रमैत्रिणी पाचवीची मुलं असल्याचं नाटक करायच्या आणि सगळे हसायचे, त्यामुळे ते फारसं मनावर कुणी घेत नाही. नोकरीत आल्यावर तेच एकट्यानं करा. मोबाइल टेबलावर ठेवून तासाची पहिली पाच मिनिटं फक्त आवाजात ध्वनिमुद्रित करा, घरी ऐका आणि लगेच पुसून टाका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाच मिनिटांत "म्हणजे काय" हे शब्द किती वेळा म्हणाले ते मोजायचं सोडून दिलं.

तपासणीच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. त्या दिवशी नवीन काही करू नका. मुलांनी आधी पाहिलेल्याच पट्ट्या, आधी केलेलीच पद्धत, फक्त आकडे नवे. अधिकाऱ्यांनी मधेच मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तर चुकलं तर मुलाकडे डोळे वटारू नका. चुकीवरचा तुमचा पुढचा प्रश्न विचारा. तो कागदाच्या मागे आहेच.

तास संपल्यावर, पाच मिनिटं

घंटा झाली की वह्या गोळा करा, किंवा मधल्या सुट्टीत फक्त शेवटचा प्रश्न चाळा. तपासायचं नाही, तीन ढीग करायचे. उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, दोन्ही चूक. मग त्याच कागदावर लाल पेनानं दोन ओळी लिहा. "छान झाला" नको, "मुलांनी चांगला प्रतिसाद दिला" तर नकोच.

समजा २६ मुलांचा वर्ग आहे. ११ जणांनी चित्र काढून नीट कारण लिहिलं. ९ जणांनी नुसतं "छेद मोठा म्हणून लहान" लिहिलं. ६ जण अजून १/९ लाच मोठा म्हणताहेत, आणि त्यातल्या चौघांच्या पट्ट्यांचे भाग समान नाहीत. मग लाल ओळी अशा: "चौघांना मोजून कापणं जमलेलं नाही, पट्टीवर शून्यापासून मोजत नाहीत, एकपासून मोजतात. उद्या पहिली पाच मिनिटं त्यांच्याबरोबर." आणि उरलेल्या वर्गासाठी उद्याचा पहिला प्रश्न: "आई म्हणाली, पाव किलो शेंगदाणे आण. दुकानदाराकडे फक्त अर्ध्या किलोचं पाकीट आहे. काय कराल?"

हा प्रश्न उद्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहा, आणि पट्ट्या गुंडाळून रबर लावून कपाटात ठेवा. सहावीला पुन्हा लागतात.